हळदीची डबी आणि यकृताचे कोठार

(जिल्हा बैठकीतील मांडणीचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो. जेवणाआधीचा हा वेळ आम्ही एका वेगळ्याच विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे हळद, शुगरची बिमारी आणि आपले लिव्हर, म्हणजे यकृत. भावाच्या बैठकीत हळदीचे काय काम, असे काहींना वाटेल. ऐकून घ्या, मग ठरवा.

आमच्यातलेच एक जुने कार्यकर्ते आहेत. नाव सांगत नाही, आप्पा म्हणू. आप्पांना सहा वर्षांपासून शुगर. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिनची गोळी मिळे, ती ते नेमाने घेत. पुढे कोणीतरी हळदीच्या अर्काची डबी गळ्यात मारली. लिव्हर साफ होते, शुगर मुळापासून जाते, गोळीची गरज राहत नाही, असे सांगितले. आप्पांनी विचार केला की सरकारी गोळी फुकट मिळते, म्हणजे ती हलकीच असणार. पैसे मोजून घेतली ती डबी खरी. गोळी बंद झाली. फाल्गुनात शेत मोकळे करताना पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला. शुगरने पायाची जाणीव मंदावलेली, त्यामुळे दोन दिवस कळलेच नाही. दवाखान्यात नेले तेव्हा शुगर 380 होती. पायाचा अंगठा काढावा लागला. आज ते इथे आले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे सांगतो आहोत.

हा प्रसंग घडल्यावर आम्ही चार-पाच जणांनी ठरवले की हळदीचे खरे काय ते एकदा नीट समजून घ्यायचे. डॉक्टर मंडळींना विचारले, छापून आलेले शोधनिबंध समजावून घेतले. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी यकृताचे काम समजून घेऊ. पूर्वी घरात धान्याची कणगी असे, अंगणात पेव असे. सुगीला भरायचे, पावसाळ्यात काढायचे. यकृत हे शरीराचे तसलेच कोठार. जेवल्यावर रक्तात साखर येते, त्यातली काही यकृत साठवून ठेवते. रात्री आपण झोपतो, पोटात काही नसते, तेव्हा हे कोठार थोडी थोडी साखर रक्तात सोडते. मेंदूचे काम त्यावर चालते. कोठाराची किल्ली इन्सुलिनकडे. इन्सुलिन सांगते, "पुरे, आता कोठी बंद कर." मधुमेहात हा हुकूम कोठारात नीट पोचत नाही. रात्रभर कोठी उघडी राहते. म्हणून काही न खाता सकाळी रक्त तपासले तरी शुगर चढलेली दिसते. लोक म्हणतात, "मी तर रात्री अर्धीच भाकरी खाल्ली होती." तुम्ही अर्धी खाल्लीत, उरलेली कोठाराने वाढली. मेटफॉर्मिनची साधी गोळी मुख्यतः इथेच काम करते. कोठाराचे दार ओढून घेते.

दुसरे असे की मधुमेहात यकृतात चरबी साचते. मधुमेह झालेल्यांत निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात ती सापडते. इथे आपल्यातले बरेच जण म्हणतील, आम्ही वाळलेली माणसे, चरबी शेटजीच्या पोटात. हा गैरसमज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत 1993 पासून गरोदर बाया आणि त्यांची मुले यांच्यावर काम केले. तिथे जन्मलेल्या बाळाचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडातल्या बाळाचे 3.5 किलो. बाळ हलके, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. मांस कमी, चरबी टिकून. अशा बांध्याच्या माणसाला पुढे थोडे पोट सुटले तरी शुगर गाठते. म्हणजे आपल्या कोरडवाहू माणसाला ही बिमारी होत नाही, हे डोक्यातून काढा. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचा आकडा 2023 साली छापून आला. देशात 10 कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक माणसे उंबरठ्यावर आहेत.

आता हळद. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. हळकुंडात ते जातीप्रमाणे शेकडा 2 ते 5 असते. बाकी पीठ, तेल, तंतू. कर्क्युमिनचा शुगरशी संबंध आपल्याच देशात फार आधी दिसला. 1972 साली, म्हणजे आपल्याकडे दुष्काळात खडी फोडायला लोक जात होते त्या साली, एका भारतीय वैद्यकीय मासिकात एकाच मधुमेही रुग्णावरची नोंद छापली गेली. एकच रुग्ण. एका झाडाची बोंडे मोजून कोणी एकरी उतारा सांगत नाही. पण शोध तिथून निघाला.

मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बाबू आणि श्रीनिवासन यांनी मधुमेह केलेल्या उंदरांना आठ आठवडे अर्धा टक्का कर्क्युमिन घातलेले खाद्य दिले. 1997 साली त्यांनी जे छापले ते असे: रक्तातली चरबी आणि कोलेस्टेरॉल उतरले, आणि कोलेस्टेरॉलचे पित्तात रूपांतर करून ते बाहेर टाकण्याचे यकृताचे काम वाढले. पुढे कोरियात 2008 साली दुसऱ्या प्रकारच्या मधुमेही उंदरांत दिसले की यकृतातली साखर बनवणारी यंत्रणा मंदावली आणि साखर साठवणारी जागी झाली. म्हणजे कोठाराचे दार थोडे ओढले गेले. चांगली गोष्ट आहे. पण हे सगळे पिंजऱ्यातल्या उंदरांत, मोजूनमापून दिलेल्या खाद्यावर.

माणसांत काय झाले? थायलंडमध्ये 2012 साली उंबरठ्यावरच्या 240 लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना कर्क्युमिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सुला. नऊ महिन्यांनी पोकळ कॅप्सुलवाल्यांत शेकडा 16 जणांना मधुमेह झाला, कर्क्युमिनवाल्यांत एकालाही नाही. एकाधिकार खरेदी होती तेव्हाचा ग्रेडर असता तर इतका स्वच्छ शून्य पाहून त्यानेही गाठोडे पुन्हा सोडायला लावले असते. आम्हालाही तसेच वाटते. आणि लक्षात घ्या, ही माणसे उंबरठ्यावरची होती, आप्पांसारखी आत गेलेली नव्हती. इराणात 2016 साली यकृतात चरबी असलेल्या लोकांना आठ आठवडे खास तयार केलेले कर्क्युमिन दिले, त्यांच्या सोनोग्राफीत चरबी कमी दिसली. तेही आठ आठवड्यांचेच काम. उलट बाजूने 2017 साली अमेरिकेतल्या औषध-रसायनाच्या जाणकारांनी सगळा हिशेब मांडला. शंभरावर मानवी प्रयोग झाले, पण काटेकोर कसोटीवर ठामपणे उतरलेला एकही नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या मते हे द्रव्य अस्थिर आहे आणि रक्तात पोचतच नाही.

पोचत का नाही, इथे खरी मेख आहे, आणि डबीचे सगळे गौडबंगालही इथेच आहे. आपण हळद खाल्ली की आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात तिला ताबडतोब एक जोड लावला जातो. जोड लागला की ते द्रव्य पाण्यात विरघळते आणि पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर जाते. बाजार समितीच्या दारातून गाडी आत आली, मापाडी उठला, पावती फाडली आणि मागच्या दाराने गाडी बाहेर. आतल्या आडत्याला माल दिसलाच नाही. यकृताची ही राखण हजारो वर्षांची आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या हळद खाऊन धडधाकट राहिलो, त्यात या राखणीचा मोठा वाटा आहे.

1998 साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी या मापाड्याला बसवून ठेवण्याची युक्ती शोधली. काळ्या मिरीत पायपरीन नावाचे तिखट द्रव्य असते. 2 ग्रॅम कर्क्युमिन नुसते दिले तर माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडत नव्हते. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिले तर ते वीस पट पोचले. कारण पायपरीन यकृताचे ते जोड लावण्याचे काम अडवते. बाजारातल्या पुष्कळ डब्यांवर मिरीचा अर्क लिहिलेला असतो, तो यासाठी.

ही युक्ती मुळात वाईट नाही. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने हीच वापरून क्षयाच्या रिफॅम्पिसिनची मात्रा 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणणारी गोळी तयार केली. ती 2009 साली बाजारात आली. पण तिथे डॉक्टर होता, मोजमाप होते, तपासणी होती. डबी घेणाऱ्या आप्पांकडे यातले काहीच नव्हते. मापाडी बसून राहिला की हळदीचीच गाडी आत शिरते असे नाही, इतर औषधांच्या गाड्याही शिरतात. पायपरीनमुळे फिटच्या फेनिटॉइनची आणि रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलची रक्तातली पातळी वाढते, हे माणसांत मोजलेले आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर या डबीला हातही लावू नये.

आता कोणी मायबहीण विचारील, आपल्या खानदेशी काळ्या मसाल्यात मिरेही आहेत आणि फोडणीत हळदही आहे, मग? चांगला प्रश्न आहे, आकड्यांनी सोडवू. आपल्या घरात माणशी रोज दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते. शेकडा 3 धरले तर कर्क्युमिन झाले 60 ते 75 मिलिग्रॅम. 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सुलीत, अर्क शेकडा 95 असेल तर, कर्क्युमिन झाले 475 मिलिग्रॅम. म्हणजे एका कॅप्सुलीत तुमची सहा-सात दिवसांची हळद, वर मिरीचा अर्क. थायलंडच्या प्रयोगात रोज 1500 मिलिग्रॅम दिले होते. तेवढे हळदपुडीतून घ्यायचे तर रोज 50 ग्रॅम पूड खावी लागेल. भाजीत टाकून बघा, कुत्रेही तोंड लावणार नाही. म्हणून स्वयंपाकातली हळद आणि डबीतला अर्क यांना एकच नाव असले तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेव-भाजी, भरीत, दादरच्या भाकरीसोबतचे वरण, यातल्या हळदीने कोणाचे यकृत बिघडत नाही. त्याने शुगरही जात नाही.

डबीने मात्र यकृत बिघडल्याचे दाखले आहेत. इटलीत 2019 साली अशा काविळीच्या रुग्णांची रांग लागली, तेव्हा सरकार जागे झाले. अमेरिकेत औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारे रुग्णालयांचे एक जाळे आहे. त्यांनी 2022 साली हळदीच्या अर्काचे दहा रुग्ण मांडले. सगळे 2011 नंतरचे, त्यातले सहा 2017 नंतरचे. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, एकाचे यकृत बंद पडून तो दगावला. सात जणांच्या डब्या प्रयोगशाळेत तपासल्या, सातही डब्यांत खरोखर हळद निघाली आणि तिघींत मिरीचे पायपरीनही निघाले. म्हणजे भेसळीवर खापर फोडण्याची सोय राहिली नाही. दहापैकी सात जणांच्या रक्तात जन्मजात एक विशिष्ट खूण होती. ती असलेल्या माणसाला या अर्काचे वावडे पडण्याचा धोका जास्त. आपल्यातल्या कोणाच्या रक्तात ती आहे, हे तोंडावर लिहिलेले नसते. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रण खात्यानेही 2023 साली लोकांना सावध केले.

आम्हाला कोणाला भ्यायला लावायचे नाही. लाखो लोक या डब्या घेतात, त्यातल्या फार थोड्यांना असे होते, आणि डबी वेळेत बंद केली तर बहुतेक बरे होतात. आप्पांचे यकृत तपासले तेव्हा ठीकच निघाले. त्यांचा अंगठा हळदीने नेला नाही, बंद केलेल्या गोळीने नेला. आमच्या हिशेबाने खेड्यात हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरीही डबी घेत असाल आणि अन्नावरची वासना उडाली, मळमळ, लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे असे काही दिसले तर त्याच दिवशी डबी बंद करून एसजीपीटीची तपासणी करून घ्या. काविळीची माळ घालून बसू नका. आपल्या आज्या काविळीत हळद बंद करायच्या. पिवळ्यावर पिवळे नको, एवढेच त्यांचे कारण होते, पण या डबीपुरती तरी त्यांची गोष्ट खरी ठरली.

थोडे पैशाचे बोलू, कारण बैठक आपली आहे. 1995 च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट मिळाले. त्याला आव्हान दिले तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि मासिके पुढे टाकून त्यांच्या संस्थेने ते आव्हानात घेतले आणि 1997 च्या ऑगस्टमध्ये ते रद्द झाले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी पेढे वाटले, योग्यच केले. पण त्या निकालाने एवढेच सिद्ध झाले की जखमेला हळद लावणे जुने आहे, कोणाची नवी मालकी नाही. हळदीने सगळे रोग जातात असा निकाल कोणी दिला नव्हता. आज डबी विकणारा त्याच अभिमानावर गिऱ्हाईक करतो. "आपल्या ऋषिमुनींचे आहे" म्हणतो आणि सांगली-वसमतच्या शेतकऱ्याने क्विंटलच्या भावाने दिलेले हळकुंड ग्रॅमच्या भावाने आपल्यालाच विकतो. मधला पैसा कुठे गेला, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. सरकीचे आणि ढेपेचे गणित आपण रोज पाहतो.

भेसळीचेही एक सांगून टाकतो. पूड चमकदार पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलोसारखा रंग आणि काही ठिकाणी शिशाचा क्रोमेट घातला जातो. शिसे मुलांच्या डोक्याला मारक. बांगलादेशात 2019 साली हे उघड झाले, तिथल्या सरकारने बाजारांवर छापे घातले आणि दोन वर्षांत ते जवळपास थांबवले. आपण हळकुंडे आणून घरी कुटावी किंवा समोर दळून घ्यावी. तीही फार झळकणारी घेऊ नयेत.

मग शुगर असलेल्याने करायचे काय? चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून सोडायचे नाही. मेटफॉर्मिन आरोग्य केंद्रात मिळते. फुकट आहे म्हणून हलके नाही, आपल्याच करातून घेतलेले आहे. उपाशीपोटी शुगर 126 किंवा त्यावर, किंवा तीन महिन्यांची सरासरी साडेसहा किंवा त्यावर आली, तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करा. वर्षातून एकदा यकृताची तपासणी, डोळ्यांची आणि पायांची तपासणी. धुळ्याला हिरे शासकीय महाविद्यालयाचे आणि जळगावला शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पोटाचा घेर जास्त असेल तर वजन शेकडा सात ते दहा उतरवल्याने यकृतातली चरबी जितकी हटते तितकी कोणत्याही डबीने हटत नाही. 70 किलोच्या माणसाला ते पाच ते सात किलो झाले. ज्वारीची भाकरी चांगली, पण "ज्वारीने शुगर वाढत नाही" म्हणून चार खाल्ल्या तर कोठार भरणारच. संध्याकाळच्या बाटलीबद्दल आम्ही इथे बोलत नाही, ज्याचे त्याला माहीत. यकृतालाही माहीत असते. आणि शुगर असलेल्याने पऱ्हाटीच्या शेतात अनवाणी पाय घालायचा नाही. जोडा घालायचा आणि रात्री दिव्याखाली तळपाय पाहायचे. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवायचे.

ज्यांना हळदीचा अर्क घ्यायचाच आहे त्यांना आम्ही अडवू शकत नाही. त्यांनी डॉक्टरला डबी दाखवावी, मिरीचा अर्क असलेली टाळावी, आधी एसजीपीटी पाहून ठेवावी आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा पाहावी.

जेवणाची पाने मांडायला अजून थोडा वेळ आहे. मागच्या टेबलाशी आपल्यातलेच एक डॉक्टर शुगर मोजायचे यंत्र घेऊन बसले आहेत. ज्यांनी घरून गोळ्यांच्या पट्ट्या आणि डब्या आणल्या असतील त्यांनी तिथे ठेवा. त्यांवर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचून दाखवायला आप्पा स्वतः बसणार आहेत.